मे महिन्याची ओवाळणी

फराळाची ताटे फिरू लागली असताना मी उन्हाळी शिबिराचा विषय काढला, तर तुम्ही म्हणाल, "बाई, चकल्या तळताना कैऱ्यांची आठवण कुठून झाली?" पण त्याला कारण आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतली चार मुले पाठीवर पिशव्या अडकवून शिबिराला निघाली. पाच दिवसांचे सहा हजार रुपये! शेजारच्या वहिनींचा नऊ वर्षांचा मुलगा जिन्याच्या कठड्याला टेकून पाहात होता. "तू नाही का रे गेलास?" मी विचारले. "मला आवडतच नाही शिबिर," तो म्हणाला आणि आत निघून गेला. घरात दोन भावंडे, म्हणजे बारा हजार. आईवडिलांवर 'नाही' म्हणण्याची पाळी येऊ नये म्हणून एवढ्याशा पोराने खोटे बोलावे, हे मला फार लागले.

खरे तर सुट्टीतली अशी सहल काही केवळ श्रीमंतांसाठी निघाली नाही. १८७६ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात बिओन नावाच्या पाद्र्याने गरीब घरांतली ६८ मुले शिक्षकांच्या सोबतीने आपेन्झेलच्या डोंगरात हवापालटासाठी नेली. खर्च भागला तो देणग्यांतून. आपल्याकडेही १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाची शिबिरे साधेपणानेच होत आली. खेळायला मैदान, गायला गाणी आणि चार हात कामाला. एवढ्यावर मुले खूष असतात.

मग पैसा जातो कुठे? जागेचे भाडे, जेवण, गाडी, शिकवणारांचे मानधन आणि वर छापील टोप्या नि बनियन. यांतले काय आवश्यक आणि काय नुसते मिरवण्यासाठी, हे आपणच पाहायला हवे.

मुलाला बाहेरच्या शिबिराला पाठवायचेच असेल, तर आजच ठरवा. दिवाळी ते एप्रिलअखेर सुमारे सहा महिने मिळतात. बँकेत आवर्ती ठेवीचे खाते उघडून दरमहा हजार बाजूला टाकले, तर सहा हजार जमतात. भाऊबीजेच्या ओवाळणीतले थोडे मुलांनीही त्यात घालावे. स्वतःच्या पैशाची गोडी वेगळीच. आणि चालकांना सवलतीबद्दल अवश्य विचारा, तेही लवकर, जागा भरण्याआधी. दुकानात भाव विचारताना आपण लाजत नाही, मग इथेच का लाजावे?

याहून सोपा मार्ग आपल्या अंगणातच आहे. वीस मुलांचे दहा दिवसांचे सकाळचे शिबिर धरा. बाहेरून येणाऱ्या दोन शिक्षकांचे मानधन सहा हजार, कागद-रंग-माती तीन हजार, एका दिवसाच्या सहलीची गाडी पाच हजार. एकूण चौदा हजार. म्हणजे माणशी सातशे. खाऊ घरोघरी पाळीने करावा. मुलांजवळ दोन मोठी माणसे सतत असावीत आणि औषधाची पेटी हाताशी असावी. गच्चीत मात्र मुले जमवू नका. सावलीची, सुरक्षित जागा बघा.

आणखी एक करा. वर्गणी बंद पाकिटातून घ्या. कोणी किती घातले, हे कोणालाच कळता कामा नये. वीसांतल्या दोघांना काहीच देणे जमले नाही, तरी बाकीच्या अठरांवर माणशी आठशेपेक्षा कमीच येतात. शंभरएक रुपयांसाठी एखादे मूल कठड्याला टेकून उभे राहू नये.

परवा फराळ घेऊन वहिनींकडे गेले आणि हा बेत सांगितला. त्या म्हणाल्या, "पैशाचे नंतर बघू, पण मी शाळेत लेझमीत पहिली असे. मुलांना शिकवीन." आम्ही बोलत होतो तोच आतल्या खोलीतून चिरंजीव बाहेर आले. हातात अर्धा लाडू होता.

"काकू, नावे कधीपासून घेणार?"