कर कमी इकडे, काम मात्र दूधगंगेपलीकडे

पहाटे निपाणीच्या स्थानकावर उभे राहिले की सीमाभागाच्या रोजगाराची खरी आकडेवारी डोळ्यांपुढून जाते. हातात डबा, पाठीवर पिशवी, आणि तोंड कागलकडे. निपाणी, सौंदलगा, कोगनोळीची ही पोरे कागलच्या पंचतारांकित वसाहतीत, गोकुळ शिरगावला कामाला जातात. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. त्याने परवा पगाराची चिठ्ठी पुढे केली आणि विचारले, "सर, हे पी.टी. दोनशे म्हणजे काय?"

पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी बसवला. राहणे कर्नाटकात असले तरी नोकरी महाराष्ट्रात, म्हणून कर महाराष्ट्राचा. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५०० रुपये. कर्नाटकात २०२३ पासून पंचवीस हजारांखालच्या पगाराला हा कर लागत नाही. या पोराचा पगार अठरा हजार. तेच काम बेळगावच्या उद्यमबागेत मिळाले असते तर त्याचे अडीच हजार वाचले असते. तरीही तो कागलला जातो. का जातो, याचे उत्तर कराच्या कोष्टकात सापडत नाही.

जास्त कर घेणाऱ्या राज्यातून उद्योग पळतात, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. २०१३ च्या सुमारास कोल्हापूरच्या उद्योजकांनी महागड्या विजेला कंटाळून कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा निपाणी-संकेश्वर पट्ट्यात जमिनी देण्याच्या वार्ता आपणही चवीने वाचल्या. आमच्या शिक्षक खोलीत तर कोणत्या गावाला कारखाना येणार यावर पैजा लागल्या होत्या. पुढे काय झाले? शिरोली आणि गोकुळ शिरगाव ओस पडले नाहीत. आणि जून २०२३ मध्ये वीज दरवाढीविरुद्ध रस्त्यावर उतरण्याची पाळी कर्नाटकातल्याच उद्योजकांवर आली.

मुळात जास्त कराचे राज्य कोणते, हेच ठरवणे अवघड आहे. जीएसटी आल्यावर, म्हणजे १ जुलै २०१७ पासून, बहुतेक मालावर दोन्हीकडे एकच दर. उरले इंधन, दारू, वाहन, वीज, मुद्रांक. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रापाठोपाठ कर्नाटकाने पेट्रोल-डिझेलवरचा कर सात रुपयांनी उतरवला, महाराष्ट्राने आपली कपात २०२२ पर्यंत लांबवली. त्या काळात कोल्हापूरच्या गाड्या टाकी भरायला आपल्याकडे येत. पण कर्नाटकाने जून २०२४ मध्ये सुमारे तीन रुपये वाढवले आणि एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवर आणखी दोन. वाहनकराचे विचाराल तर कर्नाटक देशात वरच्या पंक्तीला बसते. म्हणजे ज्याला जे सोयीचे, तो त्या बाजूला स्वस्ताई दाखवतो.

जकातीची आठवण वडीलधाऱ्यांना असेल. कर्नाटकाने ती १९७९ मध्येच उठवली. महाराष्ट्रातल्या शहरांत मात्र ती पुढे अनेक वर्षे राहिली, नंतर तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि तो बहुतेक व्यापाऱ्यांवरून २०१५ मध्ये गेला. जकातीच्या काळात ट्रकवाल्यांची तक्रार दरापेक्षा नाक्यावर खोळंबण्याची असे. तपासणी, पावती, पुन्हा तपासणी. कर किती, यापेक्षा तो कसा वसूल होतो हे धंद्याला जास्त टोचते.

आणि त्या करातून मिळते काय, हे त्याहून महत्त्वाचे. फाउंड्रीचेच पाहा. भट्टीत लोखंड वितळलेले असताना वीज गेली तर घाण गोठते आणि भट्टीचे अस्तरही बिघडू शकते. अशा मालकाला युनिटमागे चार आणे स्वस्त विजेपेक्षा न जाणारी वीज हवी असते. शिवाय साचा करणारा, वाळू पुरवणारा, मोडीचा व्यापारी, घडलेला भाग कातून देणारा छोटा कारखाना, हे सगळे हाकेच्या अंतरावर लागतात. कोल्हापुरात हा संसार तेलइंजिनांच्या काळापासून दोन-तीन पिढ्यांनी मांडला. करमाफीच्या एका कागदाने तो उचलून घाटावर नेता येत नाही. बेळगावातही उद्यमबाग अशाच कारागिरांवर उभी राहिली. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग होतात, ते हाताला कौशल्य असलेली माणसे मिळतात म्हणून.

आता आपल्या दुखण्याचा भाग. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारे विधेयक मंजूर केले. उद्योजकांनी आरडाओरड करताच ते दोन दिवसांत बाजूला ठेवले गेले. बातमी बंगळूरच्या संगणक कंपन्यांभोवती फिरली. आपल्याकडे मात्र त्यातली स्थानिकाची व्याख्या वाचायला हवी होती. पंधरा वर्षांचे वास्तव्य, आणि दहावीला कन्नड विषय किंवा कन्नडची परीक्षा. मराठी शाळेतला आमचा मुलगा कन्नड दुसरी भाषा म्हणून शिकतोच, तेव्हा कागदावर तो बसतो. पण शिकवायला पुरेसे शिक्षक नसलेल्या शाळेतून त्याचे कन्नडही कच्चे निघते, मराठीही आणि इंग्रजीही. मग पालक म्हणतात, मराठी शाळेमुळे नोकरी गेली. कागलच्या कारखान्यात तर मराठीच चालते, हे त्यांना दिसत नाही असे नाही. त्यांना पोराला घराजवळ काम हवे आहे, एवढेच.

मुलींचे आणखी वेगळे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या बसमध्ये राज्यांतर्गत प्रवास बायकांना फुकट झाला. निपाणीहून बेळगावला जायला तिकीट नाही, कोल्हापूरला जायला आहे. हाही कराचाच पैसा, आणि माझ्या मते चांगल्या कामाला लागलेला. पण बेळगाव सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, कागल वीसच्या आसपास. सकाळच्या पाळीला बेळगाव गाठणारी मुलगी घरातून किती वाजता निघेल, याचा हिशेब योजना आखणाऱ्यांनी केलेला नाही.

निपाणी-संकेश्वर पट्ट्यात उद्या खरोखर कारखाने आणायचे असतील तर जमीन आणि सवलत यांच्या आधी मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. भट्टीला अखंड वीज. साचेकाम आणि कातकाम शिकवणारी आयटीआय, जिथे मराठी शाळेतून आलेल्या पोराला पहिले सहा महिने त्याच्या भाषेत समजावणारा एखादा निदेशक असेल. आणि पाळीच्या वेळेला धरून बस. त्या विद्यार्थ्याला मी विचारले, बेळगावात मिळाले तर येशील का? म्हणाला, "सर, पाळी सुटल्यावर घरी पोचवणारी गाडी आहे का तिकडून?"