परसबागेतील जयणा

भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे वर्णन आदिपुराणात आहे. व्यापारी कुळांनी त्यांतील वाणिज्य जपले. कोल्हापूर-सांगलीकडील अनेक जैन घरांनी कृषी जपली. आता शहरातील गच्चीवर आणि गॅलरीत कुंड्या मांडल्या जात आहेत. वाणिज्याच्या घरात कृषी अशी पाऊल टाकते, तेव्हा तिच्यासोबत एक जुना प्रश्नही येतो. माती उकरणे, पाणी घालणे, कीड आवरणे या प्रत्येक क्रियेत जीवहिंसा असताना श्रावकाने भाजी पिकवावी काय?

माती पृथ्वीकाय, पाणी अप्काय आणि वेल वनस्पतिकाय. त्यांच्या आश्रयाने असंख्य त्रसजीव राहतात. श्रावकाच्या आठव्या प्रतिमेत आरंभाचा त्याग सांगितला आहे. तेथवर पोहोचलेल्यांसाठी परसबाग नाहीच. परंतु रोज बाजारातून भाजी आणणारा गृहस्थही या हिशेबातून सुटत नाही. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्ही मार्गांनी कर्मबंध होतो. शेतात फवारलेले औषध घरातून दिसत नाही, इतकेच. तथापि, एवढ्यावरून स्वतः खुरपे हाती घेणे निर्दोष ठरत नाही. डोळ्यांसमोर घडणारी हिंसा विवेकाने कमी करता येते, या एकाच आधारावर घरची बाग उभी राहते. ती कमी होत नसेल, तर बाग व्यर्थ होय.

प्रथम निवड. बटाटा, गाजर, मुळा, आले ही कंदमुळे अनंतकाय म्हणून वर्ज्य, वांगे अभक्ष्य. उरलेली यादी लहान नाही : दुधी, दोडका, कारले, गवार, भेंडी, मिरची, टोमॅटो, कागदी लिंबू, कढीपत्ता. अंगणात जमीन असेल, तर केळीचे एक झाड अवश्य असावे. कच्चे केळे जैन स्वयंपाकघरात बटाट्याची जागा घेते. जीवविचार प्रकरणात साधारण वनस्पतीची लक्षणे दिली आहेत : शिरा व सांधे गुप्त असणे, मोडल्यास समान भाग होणे, तंतू नसणे, कापल्यावरही पुन्हा उगवणे. कोवळे अंकुर आणि पालवीही त्याच वर्गात गणली आहे. म्हणून वेलीचे शेंडे खुडून भाजी करण्याचा मोह टाळावा आणि फळ नीट भरल्यावरच काढावे.

दुसरी गोष्ट काळाची. अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुन चातुर्मासीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पालेभाजी वर्ज्य असते. मेथी आणि कोथिंबीर यांना थंडीच मानवते. तेव्हा कार्तिकी पौर्णिमेनंतर पेरणी केली, तर सुमारे एका महिन्यात मेथी आणि दीड महिन्यात कोथिंबीर हाती येते. वेलभाज्या माघात लावाव्यात. दुधीचे पहिले फळ सुमारे दोन महिन्यांत मिळते आणि पाऊस पडून कीटकांची उत्पत्ती वाढण्याआधी हंगाम आटोपतो. पावसाळ्यात कुंड्यांना विश्रांती द्यावी.

तिसरा आणि कठीण भाग किडीचा. येथे कडुनिंबाचा अर्क सर्रास सुचविला जातो. परंतु तो वनस्पतिजन्य आहे म्हणून किड्यास निरुपद्रवी होत नाही. कीड आल्यावर मारण्यापेक्षा ती येऊच न देणे हीच जयणा. भेंडी, मिरची व टोमॅटो यांची फळधारणा स्वपरागीभवनाने होते. म्हणून ही रोपे प्रारंभापासून बारीक जाळीखाली वाढविता येतात. वेलींचे तसे नाही. त्यांची नर व मादी फुले निराळी असल्याने मधमाशी हवी, अथवा माणसाचा हात. दुधी व दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात. चउविहार आटोपल्यावर, उजेड असेतो, नरफुलाचे पुंकेसर मादीफुलास हलकेच टेकवावे. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखावे. फळ धरले की लगेच त्यावर मलमलीची पिशवी बांधावी. फळमाशी कोवळ्या सालीला छिद्र पाडून आत अंडी घालते. पिशवी असली की तिला ती जागा मिळत नाही आणि तिला मारावेही लागत नाही. रोपाला खत बेताने द्यावे. अति खताने कोवळी, रसरशीत पालवी फुटते आणि तीच माव्याला ओढते.

पाण्याचेही भान हवे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि आठवड्याभरात नवे डास उडू लागतात. मग घरात त्यांना मारण्याची वेळ येते. ताटली दर दोन दिवसांनी कोरडी केली की तो प्रसंगच टळतो. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी गाळून मुळाशी घालावे. माती वारंवार उकरू नये. तिच्यावर वाळक्या पानांचा थर पसरावा, म्हणजे ओल टिकते व पाणी कमी लागते. हंगाम संपल्यावर रोप उपटू नये; बुंध्याशी कापून मुळे मातीतच राहू द्यावीत.

इतके करूनही एखाद्या वर्षी वेल किडीने भरतेच. व्रताची कसोटी त्याच दिवशी लागते, कारण औषधाची बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि दोन महिन्यांचे श्रम डोळ्यांसमोर असतात. चार दुधींसाठी शेकडो जीव मारणे ही अनर्थदंडाची सीमा होय. त्या भाजीवाचून घर उपाशी राहत नाही. किडलेली फळे घरापासून दूर, झाडाच्या सावलीत नेऊन ठेवावीत, वेलीचा लोभ सोडावा आणि पुढील हंगामात त्या कुंडीत गवार किंवा भेंडी लावावी. तोट्याचा माल कोणत्या दिवशी सोडून द्यावा, हे व्यापाऱ्याला निराळे शिकवावे लागत नाही. पेढीवरील तो संयम गच्चीवरही राहिला, तर घरातील मुलांना अहिंसेचा धडा पुस्तकाबाहेर मिळेल.