आधी विचारा, मग हात लावा

‘पेशंट कोऑपरेट करीत नाही!’ सरकारी ओपीडीपासून मोहल्ल्यातल्या दवाखान्यापर्यंत ही तक्रार रोज ऐकू येते. तपासणीच्या टेबलावर एखादी बाई अंग आखडून घेते, दाताच्या खुर्चीत आडवे होताच एखाद्या तरुणाला दरदरून घाम फुटतो. डॉक्टर खेकसतात, ‘गप पडून राहा, काही होत नाही.’ लहानपणी ज्याच्या शरीराशी घरातल्याच कुणी खेळ केला, त्याने हेच शब्द तेव्हाही ऐकलेले असतात!

अशी माणसे थोडी नाहीत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७च्या अहवालात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. ती मुले आज मोठी होऊन दवाखान्याच्या रांगेत उभी आहेत.

अमेरिकेतल्या सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्याकडचे स्थूल रुग्ण वजन घटत असतानाच उपचार सोडून जात. फेलिटींनी त्यांना बोल लावला नाही, विचारले. तेव्हा कित्येकांच्या बालपणातले अत्याचार बाहेर आले. पुढे १९९८ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, बालपणीचे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी हृदयविकार, नैराश्य आणि व्यसनांचा धोका जास्त.

‘बाहेर शंभर पेशंट आहेत, वेळ कुठून आणू?’ हे उत्तर पटणारे नाही. ‘आता पोटाला हात लावतो, चालेल ना? थांबा म्हणालात की थांबेन,’ एवढे म्हणायला किती वेळ लागतो? पडदा ओढायला, सोबत कोण हवे आणि कोण नको हे विचारायला कोणते यंत्र लागते? २०१२च्या पॉक्सो कायद्यानेही मुलाची तपासणी पालकाच्या किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीच्या उपस्थितीत करायला सांगितले आहे.

आणि खोटा दिलासा देऊ नका. अठरा वर्षांखालील मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊन ते मोडणे हा दुसरा घात ठरेल. मात्र मोठ्या बाईची हकिकत तिच्या नवऱ्याला किंवा ओळखीच्या चाचांना सांगण्याचा हक्क डॉक्टरांना कुणी दिला?

खानदानच्या इज्जतीपायी आपण या मुलांना घरात गप्प बसवले. निदान दवाखान्यात तरी त्यांचा ‘नको’ ऐकला जाऊ द्या.