आजाराआधी पोहोचणारी मदत

रमजान सुरू झाला की दानाचा हात सैल होतो. जकातीचा हिशेब मांडला जातो, सदका निघतो. एखाद्या कॅन्सरग्रस्त महिलेच्या ऑपरेशनसाठी शब्द टाकला तर मोहल्ल्यातले लोक आणि शेजारचे हिंदू दुकानदारही खिशात हात घालतात. ही माणुसकी मोलाचीच आहे. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाबतीत हा पैसा फार उशिरा पोहोचतो.

हा कॅन्सर एकाएकी होत नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर पेशी हळूहळू बदलतात आणि कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. तेवढ्या काळात तपासणी झाली, तर बदललेला भाग काढून कॅन्सर टाळता येतो. तरीही जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ८० हजार महिला या आजाराने दगावल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती.

तपासणीने काय साधते, याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर महिलांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या आरोग्यसेवेवरच असलेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या स्थानिक महिलांनी प्रशिक्षण घेऊन दर दोन वर्षांनी तपासणी केली. साधन होते सौम्य अॅसिटिक अॅसिड, म्हणजे सिरक्यातलेच आम्ल. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

मग अडते कुठे? एक लाजेपाशी आणि दुसरे रोजंदारीपाशी. दुखणे अंगावर काढण्याची सवय सगळ्याच घरांत आहे; त्याला धर्म नाही. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे कळले की बाईच्या चारित्र्याकडे बोट जाते. नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध नसलेल्या स्त्रीलाही तो होऊ शकतो, हे कुणी सांगत नाही. आणि त्रासच नसताना दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाणार?

म्हणून निधी गोळा करायचा तर तो मंडप आणि बॅनरसाठी नको. तपासणीचे साहित्य, महिला डॉक्टर किंवा नर्सचे मानधन, बुडालेला रोज, एसटीचे भाडे आणि दोष आढळलेल्या प्रत्येकीचा उपचार पूर्ण होईपर्यंतचा पाठपुरावा यासाठी तो हवा. पुढच्या उपचाराची सोय नसेल तर शिबिर घेऊच नये. जकात हकदारालाच मिळावी, ही अट आहे. तिचा नियम उलेमांकडून समजून घ्यावा. सदक्याला किंवा गणेश मंडळाच्या शिलकीला तशी आडकाठी नाही.

मुलींसाठी ९ ते १४ हे लशीचे योग्य वय. पुण्यात तयार होणारी लसही आता उपलब्ध आहे. पण आईची वेळ टळत नाही, आणि लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी लागतेच.

जुम्म्याच्या बयानात, बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला हा विषय निघायला हवा. इफ्तारनंतर दस्तरखान आवरला की घरातल्या तिशी ओलांडलेल्या बाईला एवढे तरी विचारावे: तुमची तपासणी झाली का?