नकोशा वस्तूंचे अर्थकारण

मे २००३ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरात डेरॉन बील या गृहस्थांनी आपले काही मित्र आणि शहरातील मोजक्या स्वयंसेवी संस्था यांना ई-मेलने एक संदेश पाठवला. आपल्याकडे जी वस्तू वापरात नाही ती कळवावी, ज्याला हवी त्याने ती येऊन न्यावी, मात्र पैशाचा व्यवहार मुळीच होऊ नये, एवढीच त्यातील सूचना होती. त्यातून 'फ्रीसायकल' ही चळवळ उभी राहिली आणि काही वर्षांतच शंभरांहून अधिक देशांत तिचे स्थानिक गट निर्माण झाले. पुढे जुलै २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर रिबेका रॉकफेलर व लीझल क्लार्क या दोघींनी 'बाय नथिंग' नावाचा असाच उपक्रम फेसबुकवर सुरू केला. आज आपल्या शहरांतील गृहसंस्थांमध्येही व्हॉट्सॲपवर पाळणे, सायकली, पुस्तके आणि मिक्सर अशाच रीतीने हात बदलताना दिसतात. या घडामोडीकडे समाजवादी विचाराच्या माणसाने कसे पाहावे, हा आजचा प्रश्न आहे.

सुखवस्तू लोकांचा फावल्या वेळचा उद्योग म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे. पण तसे करणे चुकीचे ठरेल. दहा वर्षे वापरलेल्या खुर्चीचे विनिमयमूल्य जवळजवळ शून्यावर आलेले असते, पण तिचे उपयोगमूल्य बहुधा शाबूत असते. असे असूनही ती कचऱ्यात जाते. कारण ती नेमकी कोणाला हवी आहे हे शोधण्याचा खर्च खुर्चीच्या किमतीहून अधिक असतो. संगणकाच्या जाळ्याने हा शोधाचा खर्च नाहीसा केला. ज्या वस्तूकडे बाजाराने पाठ फिरवली तिला पुन्हा समाजोपयोगी करण्याचे सामर्थ्य त्यामुळे सामान्य माणसाच्या हाती आले. अशा खुर्चीमुळे एका कुटुंबाची गरज भागते, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात तिची नोंद होत नाही. तीच खुर्ची मोडून नवी घेतली तर मात्र उत्पन्न 'वाढते'. आपली मोजमापाची पद्धत कोणाच्या सोयीची आहे, हे समजून घेण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

या गटांचा दुसरा गुण नैतिक आहे. त्यांत 'देणे आहे' असे जसे जाहीर करता येते, तसे 'हवे आहे' असेही उघडपणे मागता येते, आणि मागणाऱ्याला कोणी त्याचे कारण विचारत नाही. आज घेणारा उद्या देणारा असतो. आपल्या समाजात देण्याघेण्याचा इतिहास असा नव्हता. उतरलेले कपडे आणि उरलेले अन्न वरच्या जातींनी द्यायचे व खालच्यांनी मान तुकवून घ्यायचे, ही आपली शतकांची रीत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी टाकलेल्या तुकड्यांवर जगणे सोडण्याचे आवाहन केले, ते याच रीतीवर घाव घालण्यासाठी. तेव्हा घेणाऱ्याला लाज वाटू न देणारे देणे ही महाराष्ट्रात तरी क्षुल्लक गोष्ट मानता येणार नाही.

एवढे श्रेय दिल्यानंतर या उपक्रमांच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा मालकीची आहे. फ्रीसायकलचे गट आरंभी याहू या कंपनीच्या व्यवस्थेवर चालत. पुढे चळवळीने स्वतःचे संकेतस्थळ उभारले हे बरे झाले, कारण डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने ती व्यवस्थाच बंद केली. फेसबुकवरील गटांची स्थिती आजही कुळासारखी आहे. शेत हे लोक कसतात, त्यात सद्भावनेचे पीक काढतात, आणि जाहिरातींचे उत्पन्न जमीनमालक घेऊन जातो. या कुळांना संरक्षण देणारा कुळकायदा अद्याप झालेला नाही. दातृत्वाच्या संघटनेलाही सत्तेचा मोह सुटत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. 'फ्रीसायकल' या नावाच्या हक्कावरून मुख्य संस्था आणि कॅलिफोर्नियातील सनीव्हेलचा गट यांच्यात खटला झाला. आपल्या नावाच्या वापरावर संस्थेने कधी पुरेसे नियंत्रण ठेवलेच नव्हते, या कारणास्तव २०१० मध्ये अपील न्यायालयाने निकाल तिच्या विरुद्ध दिला. ब्रिटनमधील अनेक स्वयंसेवकांनी तर मध्यवर्ती कारभाराला कंटाळून २००९ मध्येच 'फ्रीगल' ही वेगळी संघटना काढली होती. वस्तू फुकट वाटणाऱ्यांनाही अधिकाराचे वाटप अवघड जावे, यातून आपल्यासारख्या पक्षकार्यकर्त्यांनी काही बोध घ्यावा.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. हे गट ज्यांच्यासाठी असावेत ते लोक बहुधा त्यांत नसतात. प्रस्तुत लेखकाने निवृत्तीनंतर मोठे घर सोडून लहान घर घेतले, तेव्हा तीस वर्षे वापरलेले लिहिण्याचे टेबल कोणाला तरी द्यायचे होते. मुलीने त्याचे छायाचित्र वसाहतीच्या गटावर टाकले आणि तासाभरात ते ठरून गेले. नेणारे सद्गृहस्थ स्वतःची मोटार घेऊन आले होते. आठवड्याने जिना झाडणाऱ्या बाई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, टेबल द्यायचंच होतं तर मला एकदा विचारायचं होतंत. पोरगी दहावीला आहे, जमिनीवर बसून लिहिते." त्या बाई बारा वर्षे रोज त्या दारावरून जात होत्या, पण वसाहतीच्या गटात त्यांचे नाव नव्हते. चूक यंत्राची नव्हती, माझीच होती. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला 'गरज' आणि 'मागणी' यांतला भेद दारात उभ्या असलेल्या एका बाईने समजावून द्यावा, याची खंत अजून जात नाही.

हे केवळ एका घरापुरते नाही. आपल्या शेजारापुरतेच देणे, असा 'बाय नथिंग'चा आरंभी नियम होता. पण जेथे वस्त्याच उत्पन्नाप्रमाणे आणि वंशाप्रमाणे विभागलेल्या असतात तेथे संपन्न वस्तीतील वस्तू संपन्न वस्तीतच फिरत राहतात. ही टीका अमेरिकेत चळवळीच्या आतूनच झाली आणि संस्थापकांनी पुढे तो नियम सैल केला. आपल्याकडे तर कुंपण वस्तीला नव्हे, इमारतीला असते.

तिसरा प्रश्न या वस्तूंवर पोट असणाऱ्यांचा आहे. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, भंगारवाला, कचरावेचक हे वस्तूंच्या पुनर्वापराचे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तिने या कामाला श्रमाची प्रतिष्ठा मिळवून दिली. जी गृहिणी बोहारणीशी एका वाटीवरून अर्धा तास घासाघीस करते, तीच अनोळखी शेजाऱ्याला चालू स्थितीतील मिक्सर विनामूल्य देते आणि त्याचे समाधान मानते. औदार्य दाखवताना आपण कोणाला निवडतो, याचा विचार प्रत्येकाने करावा. चांगली वस्तू जरूर वाटावी, पण भंगाराचा भाव देताना हात आखडू नये.

शेवटचा आणि मूलभूत प्रश्न उत्पादनाचा. कपाट रिकामे झाल्याचे समाधान पुष्कळदा नव्या खरेदीचा परवाना ठरते. वस्तू लवकर निकामी व्हाव्यात अशी योजना करणे हे भांडवलशाहीला नवीन नाही. विजेच्या दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवण्यासाठी १९२४ मध्ये जिनिव्हात मोठ्या कंपन्यांनी 'फीबस' नावाचा संगनमताचा करार केला होता. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेलेला भाग चौथ्या हिश्शाहूनही कमी होता. हा ओघ शेजाऱ्यांच्या सौजन्याने थांबणार नाही. फ्रान्सने २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक छापणे सक्तीचे केले आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क ठरावा, अशी मागणी आपणही कायद्याच्या भाषेत केली पाहिजे.

येथे भूदानाचे स्मरण होते. १९५१ मध्ये पोचमपल्लीला आरंभ झालेल्या त्या आंदोलनात चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले. जयप्रकाशांसारख्या नेत्याने त्यासाठी पक्षीय राजकारण सोडले. परंतु दान मिळालेल्या जमिनीपैकी फार मोठा भाग पडीक, वादग्रस्त किंवा वाटपास अयोग्य निघाला. दाता स्वतःला नको ते देतो तेव्हा संपत्तीची मांडणी बदलत नाही, हा त्याचा धडा. मात्र भूदान सर्वस्वी व्यर्थ गेले असेही म्हणता येत नाही, कारण जमीन ही वाटण्याची गोष्ट आहे असा विचार त्याने खेड्यापाड्यांत नेला. वस्तू वाटण्याच्या या नव्या रीतीचे मोलही बहुधा एवढेच आणि असेच ठरेल.

म्हणून कार्यकर्त्यांना सुचवावेसे वाटते ते असे. आपल्या शाखेच्या कार्यालयात एक फळा लावावा. त्याच्या एका बाजूस 'देणे आहे' आणि दुसऱ्या बाजूस 'हवे आहे' असे लिहावे. मोबाइलवरील गट अवश्य चालवावा, पण त्यातील नोंदी रोज फळ्यावर उतरवाव्यात आणि तो वस्तीतील घरकामगार, सफाई कामगार व रखवालदार यांना वाचता येईल, वाचता येत नसेल तर वाचून दाखवला जाईल, अशी व्यवस्था करावी. जवळच्या दुरुस्ती कारागिराला आठवड्यातून एक दिवस तेथे बसवावे आणि त्याच्या श्रमाचा मोबदला द्यावा. नगरपालिकेकडे प्रत्येक प्रभागात अशा वस्तूंसाठी एक खोली मागावी. कामे लहान आहेत, पण ती करताना ज्यांची आपल्याशी ओळख होईल तेच उद्या दुरुस्तीच्या हक्कासाठी आणि न्याय्य वेतनासाठी आपल्याबरोबर मोर्चात येतील. आणि टेबल द्यायचे असेल तेव्हा छायाचित्र काढण्यापूर्वी जिना कोण झाडते, त्यांना आधी विचारावे.