डीजेची भिंत आणि भीमाचं गाणं

मागच्या जयंतीची गोष्ट. जालन्यातली एक वस्ती. नाव सांगत नाही, पोरं आपलीच आहेत. ट्रकवर डीजेची भिंत उभी. गाणं भीमाचं, पण कानावर काय येतं? नुसतं धडाम धडाम! घरावरचे पत्रे थरथरतायत, पाळण्यातलं लेकरू दचकून रडतंय, शब्द मात्र एक कळत नाही. अंबड तालुक्यातून एक म्हातारा गायक पेटी घेऊन आला होता. त्याला सातचा टाइम दिलेला. दहा वाजले, पोलिसांनी सगळं बंद केलं आणि म्हातारा पेटी न उघडताच परत गेला. भाड्याचे पैसे सुदिक कुणी विचारले नाहीत.

आता शुद्ध कानाचे विद्वान टाळ्या पिटतील : बघा, यांची जयंती म्हंजे गोंगाट! थांबा. गणपतीत दहा दिवस ढोल बडवता तेव्हा तुमचे कान कुठं गहाण असतात? २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हा आकडा तुम्हाला बरा १४ एप्रिललाच आठवतो! तुमच्याशी हा वादच नाही. हा घरातला वाद आहे.

आमच्यातली जुनी माणसं म्हणतात, पहिलं तेवढं खरं, आत्ताचं सगळं खोटं. हेही आम्हाला मान्य नाही. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला, आतला माल बदलला आणि जलसा उभा केला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तोच जलसा बाबासाहेबांच्या चळवळीत आणला. पुढं कव्वालीचे मुकाबले झाले, सिनेमाच्या चाली बिनदिक्कत उचलल्या. कॅसेटी आल्या, प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या पोरांचा आवाज टपरीटपरीवर गेला. मग ढोलकीशेजारी ऑर्गन आला. आपला आवाज दर पिढीला बदलत आला, म्हणूनच तो जिवंत राहिला.

आणि हलगीचं काय? आज शहरातली नाटकवाली मंडळी हलगी बघून हळवी होतात. अरे, ती आम्हाला जातीनं नेमून दिलेली होती! मेलेल्या ढोराचं कातडं, लगीन दुसऱ्याचं, मिरवणूक दुसऱ्याची आणि वाजवणारा उष्ट्याची वाट बघत बाहेर उभा. १९५६च्या धर्मांतरानंतर कित्येक गावांत आपल्या बापजाद्यांनी गावकीची कामं टाकली, त्यात हे वाजवणंही टाकलं. त्यापायी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. ज्यांनी वाद्य फेकण्यासाठी मार खाल्ला, त्यांच्या पोरांना वाद्यांचं सोवळं शिकवू नका.

पण फेकलेलं वाद्य आपल्या अटींवर परत उचलताही येतं. चेन्नईत पा. रंजितच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’नं २०१८ साली तेच केलं. गाना, रॅप, गिटार आणि सोबत परई. परई म्हंजे हलगीचीच बहीण, मयतीला वाजते म्हणून विटाळलेली. ती त्यांनी मानानं मंचावर आणली. आवाज नवाकोरा, तरी शब्द ऐकू येतो. आपल्याकडं कडूबाई खरात नुसत्या एकतारीवर गातात आणि मोबाइल तो आवाज घरोघर नेतो. तिथं ना ट्रक, ना जनरेटर.

तेव्हा भांडण डीजेशी नाही. सळईच्या कारखान्यात भट्टीपुढं उभं राहणारं पोर एक रात्र नाचलं तर नाचू द्या. भांडण हिशेबाचं आहे. वर्गणी आपली, ती जाते भिंतीच्या भाड्याला आणि शाहिराला नारळ! देशवंडीचे वामनदादा कर्डक २००४ साली जाईपर्यंत गाणं घेऊन गावोगाव हिंडले. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ला गोळीबार झाला, दहा माणसं मेली आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला. त्यांचा शब्द मिक्सिंगवाल्यानं कापायचा आणि आपण त्यावर उड्या मारायच्या?

मंडळांना आमचं सांगणं सरळ आहे. येत्या जयंतीला सात ते नऊ मंच गाणाऱ्यांचा. बिदागी आधी ठरवा, हातात द्या. ज्याला रॅप म्हणायचंय त्यानं म्हणावा, ज्याला एकतारी धरायचीय त्यानं धरावी. भिंत त्यानंतर. नाही जमत म्हणणाऱ्या मंडळाची वर्गणी आम्ही देणार नाही.

अंबडच्या म्हाताऱ्याकडं आम्ही जाऊन आलो. रागात नव्हता. पेटीच्या दोन पट्ट्या बसल्यात, भात्याला भोक पडलंय. दुरुस्तीला पैसे जमवतोय.