इंधन कार्डाची सवलत : बचत की आभास?

मुंबई, प्रतिनिधी

इंधनखर्चाने बेजार झालेल्या वाहनधारकांना सवलतीच्या कार्डांची भुरळ पडणे स्वाभाविक आहे. मात्र, हिशेब मांडल्यास चित्र वेगळे दिसते. क्रेडिट कार्डावर पेट्रोल घेताना सुमारे १ टक्का अधिभार लागतो. 'अधिभारमाफी' म्हणजे त्याचाच परतावा. रोखीने पैसे देणाऱ्यास तो मुळात पडतच नाही. खरा लाभ रिवॉर्ड पॉइंटचा. तो ३ टक्के धरला, तरी ५०० रुपये वार्षिक शुल्क व त्यावरील १८ टक्के जीएसटी वसूल होण्यास वर्षाला सुमारे २० हजार रुपयांचे इंधन भरावे लागते.

दरांची तुलनाही शहरात फारशी उपयोगी नाही. सरकारी कंपन्यांच्या पंपांवरील फरक बहुधा पैशांचाच असतो. मोठी तफावत आहे ती राज्याराज्यांत. कारण पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर असून त्यांवरील मूल्यवर्धित कर राज्ये ठरवतात. त्यामुळे खऱ्या दिलाशाची किल्ली ग्राहकाच्या पाकिटात नव्हे, सरकारच्या हाती आहे.